रानजायफळाची राय: झाडं उभी आहेत, पाणी कुठे गेलं?

सत्तरीकर
२९ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय. आज लिहायला बसलो, कारण परवा रविवारी गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाला एक राय आहे, म्हणजे तुमच्याकडची देवराई. दोन टेकड्यांमधल्या घळीत, बागायतीच्या वरच्या अंगाला, फार तर एक-दीड एकर. आत रानजायफळाची झाडं. सरळसोट, उंच, आणि बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली मुळं. काही मुळं जमिनीतून निघतात, वर वळतात आणि पुन्हा आत शिरतात, मांडी ठोकून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखी. आजी म्हणायची, हे देवाचे गुडघे, यांवर पाय द्यायचा नाही. आम्ही देत नव्हतो, पण त्यात भक्तीपेक्षा घसरून पडण्याची भीती जास्त होती. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि लेंगा गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा. भर मे महिन्यातही घोटाभर पाणी असायचं, गार, अगदी सावकाश सरकणारं.

परवा मुलीला घेऊन गेलो. तिने शाळेचे पांढरे बूट घातले होते. ते काढ म्हणालो तर म्हणाली, "कशाला? सुकंच तर आहे." खरंच सुकं होतं. ती सगळी राय फिरून आली आणि बूट पांढरेच राहिले.

झाडं मोजली. सतरा. वडील सतराच सांगायचे. कुणी एक फांदी तोडलेली नाही. देवाच्या भीतीने तोडणारही नाही. पण चिखलाला भेगा पडल्यात, आणि गुडघे हवेत लटकल्यासारखे दिसतात. एकही रोप दिसलं नाही. म्हणून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने वर चढत गेलो. झरीपाशी तीन काळे पाइप. एक शेजाऱ्याच्या बागायतीत जातो, एक टेकडीपलीकडच्या नव्या घराच्या टाकीत. तिसरा आमच्या काकांचा.

आता सांगा, तक्रार कुणाकडे करू?

सई_पुणे
२९ एप्रिल, रात्री १०.१५

वाचून वाईट वाटलं. एक बाळबोध प्रश्न: आपण श्रीखंडात घालतो तेच का हे जायफळ? तसं असेल तर त्याची लागवड होते ना, मग दुर्मीळ कसं?

सत्तरीकर
२९ एप्रिल, रात्री १०.३२

नाही सईताई, हा त्याचा रानटी भाऊबंद. श्रीखंडातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं, आता फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांतही आहे. हे आपलं घाटातलं. वासाला जवळजवळ काहीच नाही. बाकीचं कुणीतरी जाणकार सांगेल, माझं वनस्पतिशास्त्र बारावीत संपलं.

पानगळ
३० एप्रिल, सकाळी ७.०५

सत्तरीकर, सावंतवाडीहून लिहितोय. विषय जिव्हाळ्याचा आहे, लांबण लागेल.

तुमच्या घळीला वनशास्त्रात मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. मिरिस्टिका हे जायफळाच्या वंशाचं शास्त्रीय नाव, स्वॅम्प म्हणजे दलदल. भारतात अशा दलदलीची पहिली शास्त्रीय नोंद १९६०मध्ये जुन्या त्रावणकोर भागातून झाली, आणि १९६८मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतीय जंगलांचं वर्गीकरण केलं तेव्हा तिला स्वतंत्र नाव मिळालं. सगळ्यात जास्त तुकडे केरळात, कुळत्तुपुळा आणि शेंदुरणी भागात. कर्नाटकात सिद्धापूर तालुक्यातलं कत्तलेकान प्रसिद्ध आहे. तिथून २०००मध्ये बिब्ब्याच्या कुळातलं एक नवंच झाड शास्त्राला कळलं. गोव्यात सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय १९९५च्या सुमारास अभ्यासकांच्या नजरेत आली, तीही या विचित्र मुळांमुळेच. आमच्या दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेची दलदल तर २०१८मध्ये नोंदली गेली. नावांत गोंधळू नका, बांबर गोव्यात आणि बांबर्डे महाराष्ट्रात. मी स्वतः एकदा गोंधळून भलत्याच एसटीत बसलो आहे.

आता मुळांचं. चिखलात पाणी साचलेलं असतं, तिथे हवा नसते. मुळांना श्वास तर घ्यायचा असतो. म्हणून जिम्नाक्रँथेरा कनारिका हे झाड मुळं वर काढून गुडघा करतं. मिरिस्टिका मॅग्निफिका बुंध्यापासून केवड्यासारखे टेकू सोडतं. तुमच्या रायेत गुडघे आहेत म्हणजे पहिलं नक्की आहे, टेकू असतील तर दुसरंही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत मॅग्निफिका 'धोक्यात' या वर्गात आहे, कनारिका 'असुरक्षित' वर्गात. टेकूंचा फोटो टाका ना.

पण तुमच्या लेखातली मला सर्वात जास्त टोचलेली गोष्ट वेगळी आहे. सतरा झाडं आणि रोप एकही नाही. मोठं झाड पाणी आटलं तरी लगेच मरत नाही, खोल मुळांवर काही वर्षं काढतं. रोपं मात्र पहिल्याच उन्हाळ्यात जातात. त्यातून या कुळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. म्हणजे सतरांतली फळं धरणारी किती, हे बघा. एखाद्या वादळात चार माद्या पडल्या की उरलेले कितीही उंच असोत, वंश तिथेच थांबला. आमच्या कोकणातल्या वाड्यांसारखंच झालं हे. घरं शाबूत, अंगणं सारवलेली, पण राहतात फक्त म्हातारे.

बेडूकराव
३० एप्रिल, सकाळी ८.२०

वाचनखूण साठवली. पानगळ काका, या विषयावर वेगळा धागा काढाच.

कुळागरवाली
३० एप्रिल, दुपारी २.५०

सत्तरीकर बाब, मी पण सत्तरीचीच, सासर आणि माहेर दोन्ही. माझ्या घरामागे पोफळींचं कुळागर आहे आणि झरीवर माझाही पाइप आहे. त्यामुळे तुमचा तिसरा पाइप वाचून अंगावर आल्यासारखं झालं. रागाने लिहीत नाही, पण लिहिते.

पोफळ ही लाडावलेली पोर. दसऱ्यानंतर पावसाची आशा सोडायची, आणि जानेवारी ते मे शिंपणं चुकवलं तर पुढच्या वर्षीचे घोस गेले. पावसाळ्यात कोळेरोग, त्यावर बोर्डोची फवारणी मारायला चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी ऐकून आपणच चढावंसं वाटतं. वरून माकडं, खालून गवे. एवढं करून सुपारीचा भाव दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाला कुणी पणजीहून येऊन सांगितलं की झाडांच्या गुडघ्यांसाठी पाणी सोड, तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण एक गोष्ट माझ्या सासऱ्यांनी मला दाखवली होती, ती सांगते. पूर्वी पाट होता. मातीचा, उघडा. व्हाळाला बांध घालून पाणी पाटात वळवायचं, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि माझ्या बागेतून निघालेलं पाणी खालच्याच्या बागेतून फिरून पुन्हा व्हाळात उतरायचं. पाट गळायचा, तर गळलेलं पाणी जमिनीतच राहायचं. आम्ही कुळागरवाले तेव्हाही पाणी घेतच होतो, पण पाणी घळीतून बाहेर जात नव्हतं. पाइप आला आणि पाणी झरीच्या तोंडावरच उचललं जाऊ लागलं. खाली व्हाळाला एक थेंब नाही. पाळीही गेली, कारण ज्याचा पाइप त्याचं पाणी, दिवसरात्र. रात्री टाक्या भरून वाहतात, तरी कुणी उठून बंद करत नाही. मी पण नाही.

म्हणून म्हणते, सुपारीला दोष देऊ नका. पाळी परत लावता येते का ते बघा. तुमचे तीन पाइप आहेत ना? चौथी पाळी रायेची लावा.

सत्तरीकर
३० एप्रिल, संध्याकाळी ७.१०

बाय, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. पाटाचं मला आठवत होतं, पण पाणी परत व्हाळात यायचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. काकांच्या बागेतून निघालेल्या पाण्यात आम्ही खेकडे धरायचो. तेच पाणी पुढे रायेत जात असणार.

पानगळ, फोटो टाकतो. टेकू आहेत. फळं धरणारी वडिलांच्या सांगण्यावरून सहा की सात.

खरंखुरं
१ मे, सकाळी ११.०५

एवढ्याशा घळीवर एवढी चर्चा! तिकडे कर्नाटक म्हादई नदीच्या कळसा-भांडुरा या उपनद्यांचं पाणी वळवतंय त्याचं काय? पाणीवाटप लवादाने २०१८मध्ये १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी त्यांच्या पदरात टाकलं. म्हादईच आटली तर तुमची राय कुठे राहणार? आणि आपण काळे पाइप मोजतोय.

पानगळ
१ मे, दुपारी १२.३०

खरंखुरं, म्हादईचा प्रश्न मोठा आहेच. पण या दलदली म्हादईच्या पाण्यावर जगत नाहीत, म्हादई अशा घळींच्या पाण्यावर जगते. रायेत येणारं पाणी वरच्या टेकडीत मुरलेलं असतं. ते नदीतून चढून येत नाही. तेव्हा कळसाचा निकाल काहीही लागो, झरीवरचा पाइप आपल्या हातात आहे.

आणि टेकडीचं नाव निघालंच आहे तर: सत्तरीकर, वर काय आहे? जंगल की काजू?

सत्तरीकर
१ मे, दुपारी १.१५

काजू. माझ्या लहानपणी वर किंदळ, माट्टी असलं मिश्र रान होतं. आता जवळजवळ सगळा काजू. काजू पडायच्या आधी खालचा पाचोळा जाळून जमीन लख्ख करतात, म्हणजे बोंडू वेचायला सोपं.

पानगळ
१ मे, दुपारी १.४०

मग अर्धं उत्तर तिथे आहे. पाचोळा नाही, झुडूप नाही, उतार उघडा. सत्तरीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो मुरायला थांबतच नाही, माती घेऊन खाली येतो. दलदलीला दोन्हींचा त्रास: उन्हाळ्यात पाणी कमी, आणि पावसाळ्यात गाळ जास्त. गुडघे गाळात पुरले गेले तरी झाड गुदमरतं. अशा आगी कधी हाताबाहेरही जातात; मार्च २०२३मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत आठवडाभर काय चाललं होतं ते आठवा.

आणखी एक, उलट बाजूने. पाणी यावं म्हणून कुणी उत्साहाने रायेच्या खाली सिमेंटचा बंधारा घालू नका. साचलेलं, खोल, न हलणारं पाणीही यांना मारतं. कमी खोल आणि सतत सरकणारं हवं. तुम्ही लिहिलंत तसं, घोटाभर.

सई_पुणे
१ मे, रात्री ८.५०

माझ्या प्रश्नाने सुरुवात झाली म्हणून विचारते: बिया गोळा करून लावता येत नाहीत का? एखाद्या रोपवाटिकेत?

डोंगरकाठ
१ मे, रात्री ९.३५

सईताई, मी लावून बघितल्यात, म्हणून फजिती सांगतो. (फोंड्याचा आहे, शिक्षक, उद्योग नाही म्हणून हे उद्योग.)

पहिल्या वर्षी पावसाच्या तोंडावर पडलेल्या बिया आणल्या. बीवर लाल जाळीदार आवरण असतं, आपल्या जायपत्रीसारखं, दिसायला फार देखणं. ते काढून बिया आठवडाभर उन्हात वाळवल्या, जशा आपण भोपळ्याच्या वाळवतो. एकही उगवली नाही. मग वाचलं की या बिया सुकल्या की मेल्याच. भातासारख्या पेवात साठवता येत नाहीत. दुसऱ्या वर्षी ताज्या आणल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी, आणि त्याच संध्याकाळी चिखल-रेती भरलेल्या पिशव्यांत. पंचवीसपैकी अकरा आल्या. त्यांतली सात अजून आहेत, विहिरीच्या कडेला, सांडपाण्याच्या ओलीत. तीन वर्षांत गुडघ्याएवढी झालीत, माझ्या गुडघ्याएवढी, त्यांचे गुडघे अजून फुटायचेत.

रानात हे काम धनेश करतो. ककणेर म्हणतात आमच्याकडे. तो लाल आवरणाच्या लोभाने बी गिळतो आणि लांब कुठेतरी ओकून टाकतो. एवढी मोठी बी गिळणारा पक्षी दुसरा फारसा नाही. दोन दलदलींमध्ये मैलोनमैल काजू आणि रबर असेल तर त्याने बी टाकून उपयोग काय? पडेल ती कोरड्यात.

बाजाराचंही सांगायला हवं. याच कुळातल्या रामपत्रीचं आवरण मसाल्यात जातं, जायपत्रीत भेसळ म्हणूनही जातं. व्यापारात त्याला 'बॉम्बे मेस' म्हणायचे. गोळा करणारे फळ उकलायच्या आधीच काठीने पाडतात, म्हणजे ककणेरलाही नाही आणि जमिनीलाही नाही. दलदलीतल्या झाडांची फळं कुणी रामपत्री समजून नेत असेल तर गावात बोलून ठेवा.

वकीलसाहेब_नाही
२ मे, सकाळी १०.२०

हँडल वाचा, मी वकील नाही, सरकारी कचेऱ्यांत चपला झिजवलेला माणूस आहे. थोडक्यात सांगतो.

झाडांसाठी गोव्यात १९८४चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगीशिवाय तोड नाही. तुमच्या रायेत तोड नाहीच, त्यामुळे तो इथे कुचकामी. पाणथळीसाठी २०१७चे नियम आहेत. त्यांखाली अधिसूचना झाली तर पाणी वळवण्यावरही बंधन येऊ शकतं. कुडचड्याचं नंदा तळं २०२२मध्ये रामसर या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं ते ऐकून असाल, पण ते ४२ हेक्टरचं. दीड एकराच्या घळीकडे कोण बघतो?

तुमच्या कामाचं आहे ते जैवविविधता कायदा २००२चं ३७वं कलम, म्हणजे जैवविविधता वारसा स्थळ. आकाराची अट नाही. वर उल्लेख आलेलं बांबर्डे २०२१मध्ये तसं जाहीर झालं, अवघं २.५९ हेक्टर. सुरुवात गावातूनच करावी लागते: पंचायतीची जैवविविधता समिती, लोकांनी केलेली जैवविविधतेची नोंदवही, ग्रामसभेचा ठराव. प्रस्तावात नुसती राय दाखवू नका. झर आणि वरचा उतार नकाशात घ्या. हे विसरलात तर कागदावर सतरा झाडं सुरक्षित राहतील आणि पाइप कुणाला दिसणारच नाहीत.

खरंखुरं
२ मे, सकाळी ११.००

ठराव मांडा म्हणजे उद्या पाटी लागेल, परवा पेव्हर ब्लॉक, तेरवा दिल्लीचे पर्यटक रील काढायला. झालंच मग संवर्धन.

सत्तरीकर
२ मे, सकाळी ११.२५

खरंखुरं, आपलं इथे प्रथमच जमलं. गावाचं नाव न लिहिण्याचं कारण हेच. दहा माणसं गुडघ्यांवर उभी राहून फोटो काढू लागली तर पाइपांची गरजच उरणार नाही. शिवाय गावात आधीच भीती आहे की सरकारी यादीत नाव गेलं की बागेत पाऊल टाकायलाही परवाना लागेल. अभयारण्य आलं १९९९मध्ये, त्याच्या हद्दीचे वाद अजून मिटले नाहीत. त्यात २०२३पासून व्याघ्र प्रकल्पाचं. ठरावाचं नाव काढलं की लोक आधी सात-बाराला समांतर असलेला आपला एक-चौदाचा उतारा शोधतात.

आधी काकांशी बोलतो.

बेडूकराव
९ मे, रात्री १०.००

काय झालं पुढे? धागा वर काढतोय.

सत्तरीकर
१८ मे, रात्री ९.१५

उशिराबद्दल माफी. दोन रविवार गावी गेले.

काकांशी बोललो. पहिल्या रविवारी बोललो ते साफ फसलं. मी धोक्यात, असुरक्षित, आययूसीएन असं सगळं सांगितलं. काका ऐकून म्हणाले, "तू चा घे." विषय संपला.

दुसऱ्या रविवारी काहीच बोललो नाही. मुलीला म्हटलं, आजोबांना रायेत घेऊन जा. ते गेली चार वर्षं तिकडे गेले नव्हते, गुडघ्यांमुळे. (त्यांच्या.) काठी टेकत गेले, बाहेर सवयीने चपला काढल्या आणि आत अनवाणी पाऊल टाकलं. जमीन तापलेली, टणक. थोडा वेळ उभे राहिले. मग मुलीला म्हणाले, "हांगा पाय रुतपाक जाय आशिल्लो." (इथे पाय रुतायला हवा होता.)

परत येताना स्वतःच झरीपाशी थांबले. शेजाऱ्यालाही बोलावलं. दोघांचं ठरलं की रात्री आठ ते पहाटे पाच दोन्ही पाइप बंद, टाक्या तशाही तोवर भरलेल्या असतात. टेकडीपलीकडच्या नव्या घराचा मालक दोन वेळा गेलो तरी भेटला नाही. राखणदार म्हणाला, साहेब डिसेंबरात येतात. टाकी मात्र बारा महिने भरते.

गेले सहा दिवस काका रात्री बंद करतात. काल सकाळी रायेच्या वरच्या टोकाला, सगळ्यात मोठ्या झाडाच्या पायथ्याशी, ताटलीएवढी ओल दिसली असं त्यांनी फोनवर सांगितलं. पुढे सरकत नाही म्हणाले, भेगांतच जिरते.

अडचण अशी की काकांना रोज रात्री झरीपर्यंत चढवत नाही. खालीच, बागेच्या फाटकापाशी, एक चावी बसवायची आहे. पाइप अडीच इंची. पण खाली बंद केलं तर वरचं पाणी पाइपातच अडून राहील, व्हाळात कसं उतरेल?

कुळागरवाली
१८ मे, रात्री ९.५०

उतरेल. पाइप भरला की झर आपोआप कडेने ओसंडते आणि पाणी व्हाळाला लागतं, फक्त पाइपाचं तोंड दगड-मातीने गच्च बुजवलेलं नसावं. नसेल तर फाटकापाशी चावी चालेल. प्लास्टिकची घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत तडकते. पितळी घ्या, आणि तिच्यावर डबा उपडा घाला, नाहीतर माकडं फिरवतात. थट्टा नाही, माझी फिरवलीय.

डोंगरकाठ
१९ मे, सकाळी ६.४०

सत्तरीकर, माझ्याकडची सात रोपं आहेत ती या पावसात नका मागू. आधी एक उन्हाळा ओल टिकू दे. तुमच्याच सहा-सात माद्यांखाली जूनमध्ये बघा, बिया पडल्या असतील तर तिथेच चिखलात बोटाने दाबून ठेवा. आणि काकांना विचारा, ककणेर अजून येतो का.

सत्तरीकर
१९ मे, सकाळी ८.०५

विचारलं. म्हणाले, यंदा एक जोडी आहे, पण राय सोडून आमच्या वडावर बसते.